आयर्लंडचे समुद्रकडे: आई-बाबांना मोहर दाखवू की स्लीव्ह लीग?

सांजधारा

मंडळी, सप्टेंबरच्या मध्यावर आई-बाबा पहिल्यांदाच डब्लिनला येताहेत. बाबा सत्तरीचे आहेत, पण रविवारचा सिंहगड अजून सुटलेला नाही. आईचे गुडघे कुरकुरतात, सपाटीवर मात्र ती तासभर आरामात चालते. दोघांची फर्माईश एकच: समुद्रातून सरळ वर आलेला तो कडा पाहायचा. बाबांनी कुठेतरी फोटो पाहिला आणि तेव्हापासून त्यांनी तेच धरून ठेवलंय.

ऑफिसात ज्याला विचारावं तो म्हणतो, क्लिफ्स ऑफ मोहरची डब्लिनहून एका दिवसाची बस घे, सकाळी निघा, रात्री घरी या. वायव्येकडच्या डोनेगल परगण्यातली एक मैत्रीण मात्र हे ऐकूनही घेत नाही. तिच्या मते खरे कडे तिच्याकडचे, स्लीव्ह लीगचे. मोहरला नुसती माणसं बघायला मिळतात म्हणते. माझ्याकडे शनिवार-रविवार आणि त्याला जोडून एक सुट्टी आहे. गाडी मी चालवते. काय निवडू? आपल्या ज्येष्ठांना घेऊन जे गेलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रानवारा

गॉलवेत राहते, त्यामुळे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मोहर दाखवणं माझ्याकडे असतं.

सगळ्यात आधी: एका दिवसाची बस नको. डब्लिनहून जायला तीन-सव्वातीन तास, यायला तेवढेच, वाटेत गॉलवे आणि बरेनमध्ये थांबे. प्रत्यक्ष कड्यावर दीड-दोन तास हातात उरतात. त्याच वेळी ढग खाली उतरले तर समोर पांढरी भिंत, आणि बसची वेळ झाली की निघा. इथली हवा तासाभरात पालटते, पण तो तास आपल्या हातात असायला हवा. कड्यांजवळच्या डूलिन किंवा लिस्कॅनर गावी मुक्काम करा. सकाळी धुकं असलं तर दुपारी जाता येतं, दुपारी पाऊस असला तर दुसऱ्या दिवशी.

दुसरं, दुपारनंतर जा. कड्यांचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी ते स्वतःच्याच सावलीत काळपट दिसतात. दुपार कलली की ऊन समोरून पडतं आणि खडकातला एकेक थर उमटून दिसतो. चारनंतर सहलीच्या बसगाड्या परतायला लागतात. तिकिटाचा दर वेळेप्रमाणे बदलतो, सकाळी लवकर आणि संध्याकाळी कमी पडतो. गाडी लावण्याचे पैसे त्यातच येतात. आधी ऑनलाइन काढून ठेवा.

ज्येष्ठांसाठी मोहरच. वाहनतळापासून मुख्य सज्जांपर्यंत पक्की वाट आहे. तिथलं पर्यटक केंद्र टेकडीच्या पोटात बांधलंय, त्यामुळे वाऱ्याने हैराण झालात तर आत शिरून बसता येतं. २००७ साली ते उघडलं, तरी लांबून पाहिलं तर इमारत आहे हे कळतही नाही. गवताखाली लपवलेली आहे. मला हे फार आवडतं.

गोट्या_८२

+१ रानवारा. मुक्काम हवाच.

सह्यभटक्या

मी सांजधाराच्या मैत्रिणीच्या बाजूने. मोहरची जास्तीत जास्त उंची २१४ मीटर, स्लीव्ह लीग ६०१ मीटर. जवळजवळ तिप्पट! आणि मेयोमधल्या अकिल बेटावरचा क्रोहॉन तर ६८८ मीटर. उंच कडाच बघायचा असेल तर मग उंच बघा ना. सिंहगड चढणाऱ्या माणसाला पक्क्या वाटेवर आणि दगडी कठड्याआड कशाला उभं करायचं?

बंग्लासच्या टोकावरून स्लीव्ह लीगची अख्खी बाजू समोर येते. तपकिरी, गेरू, हिरवट, मध्येच पांढरी शीर, आणि पायथ्याशी फेस. आवाज मात्र वरपर्यंत पोचत नाही, इतकं ते खाली आहे. तिथून पुढे चढत गेलं की माथ्याजवळ वन मॅन्स पास नावाची अरुंद धार लागते, एका अंगाला समुद्र. ट्रेकर माणसाने हे चुकवू नये.

खडकवासला

सह्यभटक्या, आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा अर्थ लावताना जरा थांबायला हवं. व्यवसायाने भूशास्त्राशी संबंध आहे म्हणून लिहितो.

स्लीव्ह लीगचे ६०१ मीटर हे डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंतचे. ती बाजू भयंकर उताराची आहे, पण सरळसोट भिंत नाही. वरून दगड सोडला तर तो गडगडत, आपटत खाली जाईल. क्रोहॉनचंही तसंच. मोहरचे २१४ मीटर मात्र जवळपास ओळंब्यातले आहेत. सांजधाराच्या बाबांना 'समुद्रातून सरळ वर आलेला कडा' हवा असेल तर तो मोहरच. दोन्ही भव्य आहेत, पण एकाच मापात मोजू नका.

मोहर असा सरळ का उभा राहिला तेही सांगतो. हे थर सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताजवळ होता आणि एक मोठी नदी इथे समुद्राला मिळत होती. तिच्या मुखाशी कधी वाळू साचली, कधी गाळ, कधी चिखल. त्याचे झाले वालुकाश्म, पंकाश्म आणि शेल. कड्याकडे पाहताना आडव्या पट्ट्या दिसतात त्या ह्याच. वालुकाश्म टणक, शेल ठिसूळ. अटलांटिकच्या लाटा पायथा पोखरतात, मधला ठिसूळ थर आधी झिजतो, वरचा टणक थर अधांतरी राहतो आणि उभ्या भेगांवरून मोठमोठे तुकडे सुटून पडतात. त्यामुळे कडा मागे मागे सरकतो, पण सरळच राहतो.

आणि एक गंमत नक्की दाखवा. वाटेच्या कडेने ज्या उभ्या फरश्यांचा कठडा आहे, तो लिस्कॅनरचा दगड. त्यावर वळवळणाऱ्या नक्षीसारख्या रेघा दिसतील. कोणी कोरलेल्या नाहीत. त्या नदीमुखाच्या चिखलात सरपटणाऱ्या जिवांच्या वाटा आहेत. लोक त्यांना पाठ लावून फोटो काढतात आणि पुढे जातात, वाईट वाटतं. आईंना दोन पावलं कमी चालू देत, पण त्या फरशीवरून हात फिरवायला सांगा.

पाटीपेन्सिल

खडकवासला, सुंदर प्रतिसाद! मुलाला वाचून दाखवला. त्याचा प्रश्न: आणखी किती वर्षांनी कडा संपेल?

खडकवासला

त्याला सांगा, त्याच्या नातवंडांच्या नातवंडांनाही पाहायला मिळेल. मागे सरकला तरी पाठीमागे अख्खा क्लेअर परगणा शिल्लक आहे, मोहर त्यातच येतो.

चिंतामणी_काका

सगळं वाचलं. ज्यासाठी लिहायला बसलो ते अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या लोकांची एक सवय असते. कोकणकड्यावर पोटावर पालथं पडायचं, काठापर्यंत सरकायचं आणि खाली डोकवायचं. तिथे अंगाखाली बेसॉल्ट असतो. मोहरच्या काठाला अंगाखाली काय असतं? गवत, त्याखाली हातभर माती, त्याखाली ठिसूळ खडक. खडकवासलांनी लिहिलंच आहे की खालचा थर आधी झिजतो. म्हणजे ज्या गवतावर तुम्ही पालथे पडलात त्याच्याखाली काही आहे की नाही, हे वरून कळायला मार्गच नाही.

त्यात वारा. अटलांटिकचा वारा एका लयीत वाहत नाही, झोत येतो. त्याला रेटून उभा राहिलेला माणूस झोत एकदम थांबला की पुढे झुकतो. तिथे माणसं गेलेली आहेत, तरुण, धडधाकट, फोटो काढताना. डूलिन ते लिस्कॅनर ही काठाकाठाने जाणारी पायवाट सुरेखच, पण मृत्यूंच्या घटनांनंतर २०२४ मध्ये तिचे मोठे भाग बंद करावे लागले. कुठला भाग खुला आहे हे जाण्याआधी पाहा. बंद असल्याची पाटी दिसली तर तिथून परत फिरा, मग समोर दहा जण तारेखालून जात असले तरीही. बाबा सिंहगडवाले आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. अशा माणसांना काठाची भीती नसते, आणि तेच काळजीचं आहे.

सह्यभटक्या

काका, पटतंय. पण एवढी भीती घातली तर लोक केंद्रातल्या खिडकीतूनच पाहतील.

चिंतामणी_काका

भीती घालत नाही. कठड्याच्या अलीकडून तोच कडा दिसतो, तेवढाच दिसतो. पलीकडे जाऊन जास्तीचं काही मिळत नाही. उलट तुम्ही ज्या कड्यावर उभे असता तो सोडून बाकीचेच दिसतात.

पक्षीवेडी

सप्टेंबर वाचून जरा हळहळले. पफिन हे समुद्रपक्षी पाहायचे असतील तर एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंत यावं लागतं, नंतर ते खोल समुद्रावर निघून जातात. मोहरच्या खाली गोट आयलंड म्हणून हिरवा सुळका आहे, तिथे त्यांची बिळं असतात. दुर्बीण न्याच, वरून ते ठिपक्याएवढे दिसतात. गिलेमॉट आणि रेझरबिलही उन्हाळ्यात कड्याच्या पट्ट्यांवर दाटीवाटीने बसलेले असतात, तेही तोवर गेलेले असतील.

पण निराश होऊ नका. चफ नावाचा लाल चोचीचा, लाल पायांचा कावळ्याच्या कुळातला पक्षी वर्षभर असतो. वाऱ्यात कोलांट्या मारत उडतो, ते पाहत राहावं. काठावरून बहिरी ससाणाही दिसू शकतो.

मालवणी_खाजा

आमच्या मालवणातल्या माणसाचो झील आयर्लंडचो पंतप्रधान झालो, ह्यां कोणीच कशाक लिवलां नाय?

अवांतर आहे, पण लिओ वराडकरांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले तेव्हा गावात आनंद झाला होता, आणि २०१९ च्या डिसेंबरात ते कुटुंबासह वराडला येऊनही गेले. सांजधारा, डूलिनच्या एखाद्या म्हाताऱ्याला 'आम्ही वराडकरांच्या मुलखातले' म्हणून सांगून बघा, गप्पा सुरू होतील.

रानवारा

होतील म्हणजे काय, थांबवाव्या लागतील. क्लेअरचे लोक बोलके. मोहरच्या माथ्यावर जो बुरूज आहे तो कॉर्नेलियस ओब्रायन नावाच्या तिथल्या जमीनदाराने १८३५ मध्ये बांधला, येणाऱ्या पाहुण्यांना दृश्य दिसावं म्हणून. गावकरी सांगतात, त्याने इथलं सगळं बांधलं, फक्त कडे तेवढे आधीपासून होते!

दर्यासारंग

बोटीबद्दल कोणी लिहिलं नाही. डूलिनच्या धक्क्यावरून कड्यांच्या पायथ्याशी नेणाऱ्या बोटी सुटतात, तासाभराचा फेरा असतो. उंची खरी कळते ती खालून. वरून २१४ मीटर हा आकडा असतो. खालून मान मागे टाकली आणि माथ्यावरचा बुरूज नखाएवढा दिसला की तो आकडा अंगावर येतो. वाटेत ब्रॅननमोर हा समुद्रातला एकटा सुळका लागतो, ६७ मीटरचा. वरून बघताना तो बुटका वाटतो.

मी जहाजावर नोकरी केली, म्हणून एक गोष्ट समजावून सांगतो. डूलिनला ऊन असेल, वारा पडलेला असेल, आणि तरी बोटी बंद असतील. लोक चिडतात. इथून पश्चिमेला न्यूफाउंडलंडपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर जमीन नाही. मध्ये कुठेतरी दोन-तीन दिवसांपूर्वी वादळ झालेलं असतं, त्याच्या लांब लाटा आज इथे पोचतात. वर शांत आकाश आणि खाली दोन मजली उसळी, असं इथे होतं. बोटवाला नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला त्याचा समुद्र कळतो.

सप्टेंबरच्या मध्यानंतर वादळांची ये-जा वाढायला लागते. म्हणून बोट पहिल्या दिवसासाठी ठरवा, रद्द झाली तर दुसरा दिवस हातात राहतो. आईंना बोट लागत असेल तर अर्धा तास आधी गोळी द्या आणि मागच्या बाजूला बसवा, तिथे कमी हलते.

मनमौजी_मधुरा

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो तेव्हा पूर्ण सकाळ धुक्यात गेली. मग बरेनमध्ये फिरलो. मैलोन्मैल उघडा चुनखडक, त्याच्या भेगांमधून रानफुलं. पुलनाब्रोनचा दगडी थडग्याचा मांडव पाहिला, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा. तीन-चार उभ्या शिळांवर एक प्रचंड शिळा पेलून धरलेली. सासरे बराच वेळ तिच्याभोवती फिरत राहिले. सासूबाईंना डूलिनची गुहा आवडली, छतापासून ७.३ मीटर लोंबणारा एकच लवणस्तंभ आहे, दिव्यात तो पाहिला की सगळे गप्प होतात. पण तिथे पायऱ्या पुष्कळ आहेत, गुडघे दुखत असतील तर विचार करून जा. चार वाजता धुकं उठलं आणि मोहर दिसला. रानवाराने लिहिलेलं शब्दशः खरं आहे.

खाण्याचं: दोघं शाकाहारी होते. प्रत्येक पबमध्ये भाज्यांचं सूप आणि ब्राऊन ब्रेड मिळतो, गरम आणि पोटभर. भारतातून येताना पेढे, बर्फी, खवा असलेलं काही आणू देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. चिवडा, मेतकूट चालतं.

नवखा_पर्यटक

माझ्याकडे शेंगेन व्हिसा आहे, तो चालेल का?

गोट्या_८२

नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनच्या काही अल्पमुदतीच्या व्हिसांवर भारतीयांना आयर्लंडला जाता येतं, पण त्यावर बीआयव्हीएस (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असायला हवा आणि आधी ब्रिटनमध्ये उतरायला हवं. तिकीट काढण्याआधी शेरा तपासा.

कोर्ककर

धागा मोहर आणि डोनेगलमध्येच फिरतोय म्हणून दक्षिणेचं थोडं लिहितो. कॉर्कच्या नैऋत्येला मिझेन हेड आहे, दोन कड्यांमधल्या खोल चिरेवरून कमानी पूल जातो, खाली समुद्र घुसळत असतो. तिथून वर यायला चढ आहे, पण सावकाश जमतो.

त्याच्या शेजारच्या शीप्स हेड द्वीपकल्पावर अहाकिस्ता नावाचं छोटं गाव आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान बाँबस्फोटाने ह्याच किनाऱ्यापासून दूर समुद्रावर कोसळलं, ३२९ माणसं गेली. बहुतेक भारतीय वंशाची. गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर ती आठवण आहे. तिथे समुद्राकडे तोंड करून छोटी बाग आणि सूर्यघडीचं स्मारक आहे, दर वर्षी २३ जूनला नातेवाईक आणि स्थानिक लोक एकत्र जमतात. आपल्यापैकी कोणी त्या बाजूला गेलं तर तिथे थांबावं, अशी मनापासून विनंती. परक्या देशातल्या लोकांनी आपल्या माणसांसाठी चार दशकं हे जपलंय.

पाटीपेन्सिल

हे माहीत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात नक्की जाणार. धन्यवाद कोर्ककर.

दर्यासारंग

त्या वेळी शोधकार्याला गेलेल्या जहाजांतल्या खलाशांबद्दल आम्ही नोकरीत ऐकत आलो. हात जोडून नमस्कार.

सांजधारा

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना फोनवर अर्धा धागा वाचून दाखवला. खडकवासलांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि लगेच विचारलं, त्या फरशीला हात लावता येईल ना? कनिष्कबद्दल ऐकून आई बराच वेळ बोलली, तिला ते दिवस आठवत होते.

आता ठरवलंय ते असं: शनिवारी सकाळी डब्लिनहून निघून दुपारी डूलिन, हवा ठीक असेल तर बोट. मुक्काम डूलिनलाच. रविवारी दुपारनंतर मोहर, सकाळी बरेन. सोमवारी परत. पण मनात एक रुखरुख राहतेय. बाबांना सोमवारी अ‍ॅरन बेटांपैकी इनिश मोरवरचा डून एंगस किल्ला दाखवावा का? की स्लीव्ह लीगच घुसवावा?

रानवारा

स्लीव्ह लीग ह्या वेळी घुसवू नकोस. डूलिनहून डोनेगलचं ते टोक म्हणजे पाचेक तासांची गाडी, आणि तिथून डब्लिन आणखी चारेक तास. आई गाडीतच थकतील.

डून एंगस विलक्षण आहे. दगडावर दगड रचलेल्या अर्धवर्तुळाकार भिंती आणि उघडी बाजू थेट कड्यावर. पण इनिश मोर बेटावर फेरीने जायचं, वर खडबडीत चढ, आणि काठाला कठडा नाही. आईंसाठी नको. बाबा एकटे गेले तर आई खाली थांबतील आणि दोघांचाही जीव टांगणीला.

सह्यभटक्या

स्लीव्ह लीगचा आग्रह मी सोडलेला नाही, पण ह्या खेपेला मोहर योग्य, हे मान्य. बाबा पुन्हा येतील तेव्हा मे-जूनमध्ये बोलवा, रात्री दहापर्यंत उजेड असतो. तेव्हा डोनेगलचा वेगळा कार्यक्रम करा. गर्दीच्या दिवसांत गाडी खालच्या वाहनतळावर लावून शटल बस घ्यावी लागते, तेवढं धरून चाला. मी त्या वेळी इथे असलो तर बाबांबरोबर माथ्यापर्यंत येईन, शब्द.

चिंतामणी_काका

रविवारचा वाऱ्याचा अंदाज शनिवारी रात्री मेट एरनच्या, म्हणजे इथल्या हवामान खात्याच्या, संकेतस्थळावर पाहा. पिवळा इशारा असेल तर सज्जापर्यंतच जा, नारिंगी असेल तर कड्यावर जाऊच नका, सोमवारी सकाळी पाहा. त्यासाठी सोमवार मोकळा ठेवा, दुसरं काही त्यात भरू नका.

सांजधारा

ठरलं, सोमवार मोकळा. शेवटचा प्रश्न: आई छत्री आणते म्हणतेय, आणू दे?

मनमौजी_मधुरा

छत्री नको, पहिल्याच झोतात उलटते. टोपीचा रेनकोट, कान झाकणारी टोपी आणि रबरी तळव्यांचे बूट. फरश्या ओल्या असल्या की चपला सटकतात.